बापाचा काजरा, लेकाची निवळी

शरणु शरणार्थी. जय भीम.

नको काका, खुर्ची नको. उभी राहूनच बोलते. बसले तर रडेन, आणि रडले तर जे सांगायचंय ते राहूनच जाईल.

मी सुजाता. तुमच्यातले बरेच जण मला ओळखत नाहीत. अप्पांच्या काष्ठौषधीच्या दुकानात, मागच्या पोत्यांवर बसून वह्या भरणारी एक मुलगी होती ना, ती मी. आज अप्पांच्या या शोकसभेत माझं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत नव्हतं. मीच मागून घेतलं. माझं मराठी नांदेडच्या इंग्लिश मिडियमचं आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

यादीत नव्हतं, मग का उठले? मघाशी व्यापारी मंडळींतल्या एका काकांनी एक किस्सा सांगितला. दुष्काळाच्या साली अप्पा मुलींच्या होस्टेलात घुसले आणि पाण्यानं भरलेलं पिंप पालथं घातलं. घोटभर पाण्यासाठी माणसं भांडत होती, आणि आमचे अप्पा पाणी सांडत होते. काका म्हणाले, "म्हातारपणी होतंय तसं." तुम्ही सगळे हसलात. प्रेमानंच हसलात, मला माहीत आहे. मी पण हसले. हसून झाल्यावर उठले आणि बोलायची वेळ मागितली.

कारण ते पिंप पालथं घालायला दोन माणसं लागली होती. दुसरी मी होते.

थांबा. असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगते.

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा माझ्या बाबांची नांदेडहून लातूरला बदली झाली. नव्या कलेक्टर ऑफिसात क्लार्क. बोर्डाचा रंग ओला होता म्हणे, टेबलं यायची होती, फाईली जमिनीवर. बाबा खूश होते. नवा जिल्हा, सगळं नवं. फक्त घर मिळेना. घरमालक जागा दाखवायचे, चहा पाजायचे आणि मग विचारायचे, "आडनाव काय म्हणालात?" बाबा सांगायचे. "अरेरे, कालच दिली बघा जागा." असं किती ठिकाणी झालं, ते बाबांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. शेवटी ते तीन सहकाऱ्यांबरोबर एका खोलीत राहिले, आई आणि भाऊ नांदेडला, आणि मला उदगीरच्या कॉलेजात घालून होस्टेलात ठेवलं. बी.एस्सी., बॉटनी.

आता बॉटनीच्या मुलांची एक चोरी सांगते. सर बसले आहेत समोर. सर, माफ करा. प्रॅक्टिकलला झाडं गोळा करून, वाळवून, कागदावर चिकटवून द्यायची असतात. त्यासाठी उन्हात माळरान तुडवायचं असतं. आम्ही काय करायचो? अप्पांच्या दुकानात जायचो. तिथे सगळं वाळलेलंच असायचं. लेबलसकट.

आणि काय लेबलं! एका बरणीवर एका झाडाची पाच नावं. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू आणि लॅटिन. आपलं उदगीर हे असं, कर्नाटक पण जवळ, तेलंगणा पण जवळ. एक बाई चिल्लगिंजलु मागायची, दुसरा निर्मली मागायचा, तिसरी निवळी. अप्पा तिघांना एकाच बरणीतून द्यायचे. अप्पांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. इंग्रजी अक्षरं त्यांनी पन्नाशीला गिरवली. दवाखान्यातले एक डॉक्टर बदलून जाताना झाडांचं एक फाटकं पुस्तक टाकून गेले होते, त्यावरून.

मी पहिल्यांदा गेले, लेबलं भराभर वहीत उतरवली. स्टाईलमध्ये. अप्पांनी वही हातात घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"शेपूट कुठं गेलं हिचं?"

"कसलं शेपूट?"

"एल. समद्या नावांच्या मागं एल हाय. तू गाळून टाकलीस."

मी म्हटलं, "अप्पा, ते छापण्यातलं काहीतरी असेल. सिलॅबसमध्ये नाही ते."

अप्पा इतके हसले की शेजारचा दुकानदार डोकावून गेला.

"आडनाव हाय बाई ते! लिनियस. स्वीडनचा माणूस. स्वीडन ठाव हाय का?"

"हो. कॅपिटल स्टॉकहोम."

"ते तू सांग. मला निस्ता माणूस ठाव हाय."

आणि मग अप्पा उठले. एकेका बरणीला बोट लावत गेले. धने, एल. तीळ, एल. करडई, एल. एरंड, एल. चिंच, हळद, आंबा, एल, एल, एल. "सकाळपसून रातीपर्यंत हा माणूस तुमच्या ताटात बसतोय, आन तुमच्या सिलॅबसात न्हाई?"

मी त्या दुकानात उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला. कुठला स्वीडन, कुठलं उदगीर. त्या माणसानं आपलं उदगीर स्वप्नातही पाहिलं नसेल. आणि त्याच्या आडनावाचं एक अक्षर इथे मसाल्याच्या वासात, धुळीत, एका लिंगायत म्हाताऱ्याच्या हस्ताक्षरात. मला शाळेत फुल मार्क मिळायचे हो. पण हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी विचारलं, झाडाच्या नावामागे माणसाचं आडनाव कशाला? अप्पा म्हणाले, "ज्यानं नाव दिलं, त्याचं नाव मागं लावायचं. उद्या चूक निघाली तर कुणाला धरायचं, ते कळाया पायजे ना? नाव दिलं म्हंजे जिम्मेदारी आली."

त्या आडनावाची गोष्ट पण अप्पांनीच सांगितली. लिनियसच्या बापाला आधी असं आडनावच नव्हतं. त्यांच्याकडे बापाचंच नाव मागे लावायची रीत होती. तो शिकायला गेला, तिथे आडनाव मागितलं. त्यांच्या घराच्या जागेत एक दांडगं झाड होतं. त्यानं त्या झाडावरून आडनाव घेतलं.

मी म्हटलं, "असं कसं? काही पण घ्यायचं?"

"का बरं? आपल्यात गावाचं लावत्यात, धंद्याचं लावत्यात. त्यानं झाडाचं लावलं. झाड कुठं न्हाई म्हटलं?"

एक सांगू? त्या दुकानात मी दोन वर्षं रोज जात होते. अप्पांनी हजार झाडांची आडनावं मला विचारली. माझं एकदाही विचारलं नाही. मला ते इतकं नवीन होतं की मीच एकदा न राहवून म्हटलं, "अप्पा, तुम्ही मला कधी आडनाव विचारलं नाही." अप्पा पुड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "तुला काय वाळवून कागदाला चिकटवायचीय का?"

हसा. हसा. ते असेच होते.

मग तो दुष्काळ आला. तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, मी काय सांगणार. होस्टेलला टँकर यायचा, आणि त्यातलं पाणी दूध घातलेल्या चहासारखं. तुरटी फिरवली तरी तसंच. मुलींची पोटं बिघडायला लागली. मी अप्पांकडे रडत गेले. अप्पांनी निवळीच्या चार बिया दिल्या. "माठाच्या आतून उगाळ. आन गप बस घटकाभर."

उगाळल्या. गप बसले. आणि गाळ हळूहळू खाली बसला हो! वरचं पाणी असं की माठाचा तळ दिसावा. तुमच्या आज्या-पणज्या हे करत आल्या असतील, तुम्हाला काही नाही वाटणार. मला वाटलं मी जादू बघतेय.

धावत दुकानात आले आणि लेबल वाचलं. आणि म्हटलं, "अप्पा, इथे चूक आहे. एलच्या पुढे एफ आहे."

"चूक न्हाई. एफ म्हंजे लेक. लिनियसचा लेक. हिला नाव लेकानं दिलं." मग वरच्या फळीकडे बोट केलं. तिथे कुलपात एक बरणी होती. "त्यो काजरा. कुचला म्हणत्यात. जहर हाय. त्याला नाव बापानं दिलं. पहिलं नाव दोघांचं येकच हाय बघ, स्ट्रिक्नॉस. सख्खे भाऊ. येक पाणी निवळतोय, येक जीव घेतोय. म्हनून दुसरं नाव कधी सोडायचं न्हाई."

मी वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या. पण बी? काजऱ्याचं बी कसं दिसतं, हे मी कुलूप उघडून बघितलं नाही. मी लेबल वाचणारी मुलगी. बरणीच्या आत काय आहे, ते बघायचं मला कुणी शिकवलंच नव्हतं. नाही, खोटं बोलले. अप्पा शिकवत होते. मी शिकत नव्हते.

आठवड्यात अख्ख्या उदगीरनं अप्पांची निवळी संपवली. अप्पा म्हणाले, "किनवटला एक व्यापारी हाय, जंगलातला माल घेतोय. त्येला पत्र टाक. निवळी पायजे म्हनून लिही." पत्ता दिला.

मी पत्र लिहिलं. पण निवळी लिहिलं नाही. निवळी काय, खेडवळ शब्द. मी बॉटनीची विद्यार्थिनी. मी इंग्लिशमध्ये लिहिलं, ऐटीत. स्ट्रिक्नॉसच्या बिया पाठवा, पाच किलो. दुसरं नाव मला त्या क्षणी आठवेना. वही खोलीत होती. खोली वरच्या मजल्यावर होती. ऊन फार होतं. मी कंटाळा केला.

एवढंच. मी कंटाळा केला.

किनवटच्या त्या व्यापाऱ्याची काही चूक नाही. हे लॅटिन नाव घालून त्याच्याकडून माल मागवतात ते औषधवाले, आणि त्यांना लागतो काजरा. त्यानं काजरा पाठवला.

पोतं आलं. मी स्वतः एसटी स्टँडवरून आणलं. आमच्या स्वयंपाकाच्या कोंडाबाई मावशी उगाळायला बसल्या. मावशी म्हणाल्या, "लई कडक हाय गं ही निवळी. आन रेशमावानी लव कशाची हाय हिला?" मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "मावशी, जंगलातली फ्रेश आहे ना, म्हणून."

मोठ्या पिंपात बरंच उगाळून टाकलं. संध्याकाळी जेवणाला सगळ्या मुलींनी तेच पाणी घ्यायचं ठरलं. आणि मी मूठभर बिया घेऊन अप्पांना दाखवायला निघाले. शाबासकी घ्यायला. दुसरं काही कारण नव्हतं. मला शाबासकी नको असती, तर...

अप्पा बडीशेप तोलत होते. मी त्यांच्या हातावर बिया ठेवल्या. कोटाच्या बटणासारख्या चपट्या. अप्पांनी एकीवरून अंगठा फिरवला. तराजूचं पारडं त्यांच्या हातून सुटलं.

"पानी कुनी पिलं का?"

"नाही अजून. संध्याकाळी..."

पुढचं ऐकायला अप्पा थांबलेच नाहीत. गुडघ्याचं दुखणं होतं, जिना चढता येत नव्हता त्यांना. ते माणूस भर उन्हात अनवाणी पळालं. मी मागे. मला गाठता येईना. रस्त्यात लोक विचारत होते, "अप्पा, काय जाळबीळ लागलं का?"

आम्ही पोचलो तेव्हा एका मुलीनं पेला बुडवला होता. संध्याकाळपर्यंत कुणाला धीर? अप्पांनी तिच्या हातातला पेला उडवला. मग पिंपाला खांदा लावला. हलेना. मला म्हणाले, "लाव हात." मी लावला. ते पाणी अंगणात पडलं आणि बघता बघता जमिनीनं पिऊन टाकलं. मुली किंचाळल्या. कुणीतरी ओरडलं, "ए म्हाताऱ्या, डोकं फिरलं का?" एक तर मटकन बसली आणि रडायला लागली.

रेक्टर मॅडम धावत आल्या. "अप्पा, हे काय केलंत?"

मी तोंड उघडलं. अप्पांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की वळ उठला.

"माझ्या दुकानचं बी हाय बाई. किडकं निघालं. पोरीला म्याच दिलं. चूक माझी."

नागनाथदादा, तुम्ही अप्पांचे लेक, इथे बसला आहात. मी सगळ्यांशी बोलतेय, पण खरं म्हणजे तुमच्याशी बोलतेय. त्या संध्याकाळी तुम्ही हातगाड्यावर घरच्या आडाचं पाणी आणलंत. गाडा ढकलताना तुम्ही अप्पांना बोलत होता, मी ऐकलं. "अख्ख्या गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई तुम्ही. किडका माल देता? पोरींना?" अप्पा खाली मान घालून बादल्या उतरवत होते. आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही त्यांना तराजूला हात लावू दिला नाही. तुमची चूक नाही दादा. दुकानाचं नाव सांभाळायचं होतं तुम्हाला. तुम्हाला जे सांगितलं गेलं, त्यावर कुणीही तेच केलं असतं. अप्पा मागच्या पोत्यांवर जाऊन बसले, ते शेवटपर्यंत तिथेच. आणि गावात झालं, अप्पांना आता कळत नाही. अप्पांच्या हातून आता काम व्हायचं नाही. म्हातारपणी होतं तसं.

अप्पांना सगळं कळत होतं. पोतं आणलं मी. पत्र लिहिलं मी. अप्पांच्या दुकानातून एकही किडकं बी कधीच कुठे गेलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, मी सांगते सगळ्यांना. अप्पा म्हणाले, "सांग की. मग कॉलेजातून काढतील. तुझा बाप तुला नांदेडला न्हेईल, लगीन लावील. पुढं?"

"पण तुमचं नाव?"

"माझं नाव लई दिस वापरून झालंय. तुझं अजून कोरं हाय." आणि मग म्हणाले, "मी हाय तंवर बोलायचं न्हाई. शपथ घे."

मी शपथ घेतली. नंतर किती वेळा म्हटलं, अप्पा, सोडवा मला. माझी डिग्री झाली, नोकरी लागली, आता काढणार कुठून? ते दुसरंच काढायचे. "ही डहाळी बघ. ह्याचं आडनाव सांग." आणि मी सांगायचे. आता बी फोडून, वास घेऊन, जिभेला लावायचं की नाही ते ठरवून मग सांगायचे.

त्या पाण्यानं किती जणी गेल्या असत्या? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. कदाचित एकही नाही. काजरा कडूजहर असतो, पहिल्या घोटाला थुंकलं असतं. पण त्या दिवसांत आम्ही काय काय पाणी नाक दाबून प्यायलो, ते आम्हालाच ठाऊक. एखादी तहानलेली, एखादी बारीक चणीची... मी हा हिशोब किती वर्षं करतेय. जमत नाही.

आज अप्पा नाहीत. शपथ सुटली. मी बोलले. आता तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, रेक्टर मॅडम पण आल्या आहेत, त्यांनी पण म्हणावं. पण बाहेर पडल्यावर ज्या ज्या ठिकाणी तो किस्सा सांगितला गेला असेल, तिथे जाऊन कृपा करून एवढं सांगा. बी सुजातानं आणलं होतं. अप्पांनी ओळखलं. नुसत्या अंगठ्यानं ओळखलं.

मला आता दोन मिनिटं शांतता पाहिजे. पण सगळ्यांनी एकदम उभं राहू नका.

त्या वर्षी त्या होस्टेलात ज्या राहत होत्या, त्या आधी उभ्या राहा. मला दिसताय तुम्ही. मागे खांबापाशी, लेकराला घेऊन बसलीयेस ती तू. आणि इकडे तुम्ही तिघी. उठा. कोंडाबाई मावशी, तुम्ही पण उठा, तुम्ही पण तेच पाणी पिणार होता. उठा गं, घाबरू नका.

नागनाथदादा, तुम्ही बसून राहा. मान वर करा आणि ह्यांच्याकडे बघा.

आता सगळे.

अप्पा, शरणु.